उंची कोठून मोजावी?

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली लहान अक्षरांत एक ओळ असते : समुद्रसपाटीपासून इतके मीटर. गाडीची वाट पाहताना आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ती वाचली असेल आणि हा आकडा कोणाच्या उपयोगाचा, असे मनाशी म्हटले असेल. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. आमची विश्रांतवाडी मुळेच्या उत्तरेला. येथून धानोरी-लोहगावकडे जमीन हळूहळू चढत जाते आणि विमानतळापाशी ५९० मीटरांच्या घरात पोहोचते. दुसऱ्या बाजूने ती नदीकडे उतरते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात प्रवेश करते. वारकऱ्यांच्या पायांना हा चढउतार ठाऊक असतो. वाहनातून जाणाऱ्या आम्हांस तो पावसाळ्यात, पाणी कोणत्या बाजूला वाहते हे दिसल्यावरच कळतो.

एवढ्याच उंचीचे आणखी एक गाव हिंदी महासागरात आहे. मॉरिशस बेटाच्या मध्यभागी असलेल्या पठारावर क्युरपिप नावाचे शहर वसले आहे, सुमारे ५५० मीटरांवर. हा योगायोग आमच्या ध्यानात आला तेव्हापासून त्या बेटाचा नकाशा आमच्या मेजावर पडून आहे. त्याचे कारण आकड्यांचे कुतूहल एवढेच नाही. वर कोण राहतो व खाली कोण, आणि वरच्याचे खालच्याला काही देणे लागते का, हा प्रश्न त्या लहानशा बेटावर जितका उघडा दिसतो तितका आपल्या पसरट शहरात दिसत नाही.

प्रथम थोडा भूगोल. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याइतके. किनाऱ्याला सखल मैदान, मध्ये पठार, आणि पठाराच्या कडेला तुटक डोंगरांचे कडे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. आपल्या सिंहगडावर उभे राहून पाहिले असते तर ते खालीच दिसले असते. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर भरपूर पाऊस टाकतात आणि पश्चिम किनारा कोरडा ठेवतात. घाटमाथा आणि पुणे यांच्यामधला फरक ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. दगडही आपलाच, काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या अग्नीतून दख्खनचे थर वाहिले, त्याच खोल उगमातून पुढे काही कोटी वर्षांनी मॉरिशस वर आले, आणि तो उगम आज शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगत आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्या अंगणातला दगड आणि त्या बेटाचा दगड हे अशा रीतीने भाऊबंद ठरतात.

माणसेही काही प्रमाणात आपलीच. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून हिंदी करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. पुढील शतकभरात साडेचार लाखांच्या आसपास माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे गेली. बहुसंख्य बिहार व पूर्वेकडील, काही तमिळ, तेलुगू. आणि मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरीकडचे, कोकणातले आपले मराठी लोक. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. बंदरावरच्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत आला. समुद्राच्या पाण्यापासून वर जाणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या तेथे जपलेल्या आहेत. कोकणातल्या त्या शेतमजुराने त्या परमुलखात चढलेली पहिली उंची ती. सोळा पायऱ्या.

त्या पायऱ्यांच्या वर जे होते त्याला चढण म्हणावे की उतरण, हे प्रत्येकाच्या नशिबावर अवलंबून होते. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली. सखल, दमट पोर्ट लुई शहरात माणसे हजारोंनी मेली. हिवताप डासांमुळे होतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. ते रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवून दिले. मात्र पठारावरच्या थंड हवेत ताप कमी आहे, हे लोकांच्या अनुभवास आले. १८६५ मध्येच बंदरापासून पठारावर जाणारी रेल्वे सुरू झालेली होती. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी क्युरपिपला घरे बांधली. दिवसा खाली येऊन व्यापार करावा, रात्री वर जाऊन स्वच्छ हवेत झोपावे. मजूर मात्र मळ्यावरच्या झोपडीत राहिला, कारण ऊस तेथे होता आणि करारही तेथलाच होता. आणि हा ताप मजुरांनीच जहाजातून आणला, असा बोलही त्याला लावला जात असे.

वाचकहो, येथे आम्ही थोडे थांबतो. जो वर गेला त्याने पाप केले काय? आपले लेकरू तापाने फणफणते आहे आणि पन्नास रुपये जास्त दिल्यास डोंगरावर खोली मिळते. कोणता बाप खाली राहील? आम्ही कोणास राहा म्हणून सांगणार नाही. जीव वाचवणे हे कर्तव्य आहे, त्याला पळपुटेपणा म्हणणे हा सुखरूप माणसाचा उद्धटपणा होईल. दोष असलाच तर जाण्यात नाही, तो गेल्यानंतरच्या दिवसांत आहे. वर राहणारा मनुष्य तापाविषयी बोलण्याचे हळूहळू सोडून देतो. खालची गटारे, साचलेली तळी, झोपडीचे छप्पर या गोष्टी त्याच्या नजरेतून जातात, आणि तो दुष्ट नसताही त्या जातात. प्रार्थनेच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने, कृतीने व कर्तव्य टाळून घडलेल्या पापांची कबुली देतो. त्यातला शेवटचा प्रकार आपण फार भरभर म्हणतो, असे आमचे जुने निरीक्षण आहे. आमचाही त्यात अपवाद नाही. रॉस १९०७-०८ साली स्वतः मॉरिशसला गेले व पाण्याचा निचरा करण्याचे उपाय त्यांनी सुचवले. बेटावरून हिवताप पूर्णपणे गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते १९७३ साली. शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. वर जाणारी गाडी मात्र साथीच्या आधीच तयार होती.

या बेटावर खाली राहणेच पत्करलेला एक माणूसही होता, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. फ्रान्समधले डॉक्टर जाक-देझिरे लावाल धर्मगुरू होऊन १८४१ साली तेथे आले. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपलेली होती, पण मुक्त झालेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नव्हते. लावाल यांनी त्यांची क्रिओल बोली शिकून घेतली, त्यांच्यात राहून त्यांची शुश्रूषा केली, आणि १८६४ साली, साथीच्या दोन वर्षे आधी, तेथेच देह ठेवला. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. पोर्ट लुईजवळ सेंट क्रॉ येथील त्यांच्या कबरीपाशी ९ सप्टेंबरला हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच येतात.

पण या नकाशावर आमचे बोट पुन्हापुन्हा जाऊन टेकते ते नैर्ऋत्य टोकावरच्या एका डोंगरावर. ल मोर्न त्याचे नाव, उंची ५५६ मीटर, म्हणजे पुन्हा आपल्या पुण्याएवढीच. फरक इतकाच की तो सरळ समुद्रातून उठतो. मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्यांवर आणि गुहांत लपत. क्युरपिपच्या धनिकाला उंचीने आरोग्य दिले, या गुलामाला उंचीने केवळ एक रात्र आणखी जगण्याची मुभा दिली. लोकपरंपरा अशी सांगते की १८३५ मध्ये मुक्तीचा हुकूम निघाल्यावर तो कळवण्यासाठी शिपायांची तुकडी डोंगर चढू लागली. वरच्यांनी गणवेश पाहिले. आपल्याला धरावयास आले असे वाटून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ साली हा डोंगरही जागतिक वारसा ठरला.

ही कथा ऐतिहासिक कागदावर किती उतरेल, हा वाद विद्वानांनी करावा. आम्हांस तिच्यातला एक तपशील सोडत नाही. शिपाई खोटे बोलत नव्हते. त्यांच्या हातातली वार्ता खरी होती, चांगली होती. परंतु त्या वाटेने आजवर कोणी चांगली वार्ता घेऊन आलेच नव्हते. ज्याच्या दारी केवळ धरणारेच आले, त्याने सोडवणाऱ्याला ओळखावे कसे?

आपल्याकडे उंचीचे गणित उलटेही होते. पर्वतीच्या उतारावर कष्टकऱ्यांची वस्ती आहे, कारण सपाटीवरची जागा त्यांना परवडली नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी, ही आदिवासींची गावे डोंगराखाली गाडली गेली. इर्शाळवाडीला तर रस्ताच नव्हता. मदत करणाऱ्यांना चिखलातून पायी चढावे लागले. आणि खाली नदीकाठी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसले तेव्हा, कोणाचे घर किती मीटरांवर आहे हेच काय ते महत्त्वाचे ठरले. तेव्हा उंच ते चांगले आणि सखल ते वाईट असा सोपा हिशेब नाही. ती जागा माणसाने निवडली की ती त्याच्या वाट्याला आली, आणि तेथवर येणारी वाट कोणाच्या पायांची आहे, हे पाहावे लागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये धरणांतून पाणी सोडले आणि मुळा फुगली, तेव्हा आम्ही काही तरुणांना घेऊन नदीलगतच्या एका वस्तीत गेलो होतो. वरच्या शाळेत सोय झाली होती, सतरंज्या अंथरल्या होत्या, चहा तयार होता. लोकांनी फक्त वर यावयाचे होते. एक वृद्ध बाई उंबऱ्यावरून उठेना. पाणी गल्लीच्या तोंडाशी आले होते. आम्ही प्रथम समजावले, मग आमचा आवाज चढला. जीव महत्त्वाचा की भांडी, असे काहीसे आम्ही बोलून गेलो. ती शांतपणे म्हणाली, "फादर, मागच्या वेळी असंच घर सोडा म्हणाले होते. परत आले तर घर नव्हतं. तुम्ही चांगले आहात. पण ते पण चांगलंच बोलत होते."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिचे घर राहील याची हमी देण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, आणि खोटी हमी देणे आमच्याने झाले नाही. आमच्याबरोबरच्या मुलांपैकी एकाने रेशनकार्ड, वीजबिल आणि नवऱ्याचा फोटो एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला आणि तो तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. काही बोलला नाही. पाऊण तास तरी तसा गेला असेल. पाणी पहिल्या पायरीला लागले तेव्हा ती उठली. मुलाचा हात तिने धरला नाही, त्याला पुढे चालावयास सांगितले, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी खाली येताना मात्र तुम्ही माझ्यासंगं यायचं."

सकाळी सहाला ती शाळेच्या फाटकाशी, पिशवी छातीशी धरून उभी होती.