करणे आणि करविणे

फ्रान्समध्ये लियाँ शहरी मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. माझ्या फ्रेंच विद्यार्थ्यांचे घोडे हमखास अडते ते प्रयोजक क्रियापदापाशी. त्यांच्या भाषेत 'फॅर' या एका क्रियापदावर सारे भागते. न्हाव्याकडून केस कापून घेतले, मुलाला रडविले, गड्याला राबविले, सगळीकडे 'फॅर'च! इंग्रजीत मात्र वाटा फुटतात. भाग पाडले तर 'मेक', काम सोपवून करवून घेतले तर 'हॅव' आणि मन वळविले तर 'गेट'. एवढे फळ्यावर लिहिले की माझे व्याकरण संपते.

एकदा ते संपले नाही. साठीच्या एका बाईंना वाक्य हवे होते : 'मी आईला वृद्धाश्रमात जायला लावले.' फ्रेंचमध्ये 'फॅर' घालून त्या ते सहज बोलून गेल्या. "इंग्रजीत कोणते क्रियापद घालू?" मी नेहमीच्या सवयीने विचारले, "त्या राजीखुशीने गेल्या का?"

बाई गप्प झाल्या. मग त्यांनी वहीत 'गेट' लिहिले, खोडले आणि 'मेक' लिहिले.

म्हणून इंग्रजी अधिक प्रामाणिक, असे मी म्हणणार नाही. चौदाव्या लुईने व्हर्सायचा राजवाडा 'बांधविला', असे फ्रेंच माणूस म्हणतो. इंग्रज आणि आपण 'बांधला' म्हणून मोकळे होतो, आणि हजारो गवंडी त्या एका अक्षराबरोबर नाहीसे होतात. प्रत्येक भाषा एखादा प्रश्न विचारते आणि एखादा सोडून देते.

आपल्या मराठीत करायला लावणे आहे, करवून घेणे आहे, करू देणेही आहे. शब्दांची वाण नाही. तरी अडचणीच्या वेळी आपण 'कर्ता करविता तो' म्हणून आभाळाकडे बोट दाखवतो. दुसऱ्याकरवी केलेले कृत्य आपलेच, असे कायद्याचे एक जुने लॅटिन वचन आहे. पण कायदा 'कोणी करविले' एवढे विचारून बहुधा थांबतो. 'कसे करविले' हे ज्याचे त्यालाच विचारावे लागते, आणि ते विचारणारा शेजारी बसलेला नसतो.

बाईंचे वाक्य मी तपासले. व्याकरणाची चूक एकही नव्हती. 'बरोबर' म्हणायला मात्र माझी जीभ रेटेना.