फसवणुकीची कबुली

1919 साली नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतून ‘कालिया मर्दन’ बाहेर पडला. कृष्ण झाली होती दादासाहेब फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय जेमतेम सात वर्षांचे. चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी एक धाडस केले आहे. कृष्ण पडद्यावर येण्याआधी ही मुलगी येते, ती मुलगी म्हणूनच. चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिच्या जागी सजलेला बाळकृष्ण उमटतो. ही पोर आहे, आता तिला देव समजा, असा हा उघड सौदा. दोनच वर्षांपूर्वी ‘लंकादहना’त राम दिसताच लोक चपला काढून हात जोडत असल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या होत्या. जादूचे प्रयोग करून दाखवणाऱ्या फाळक्यांना हे पक्के ठाऊक असावे, की युक्ती उघड केली म्हणून प्रेक्षक पाठ फिरवत नाही. उलट तो जास्त डोळे उघडे ठेवून बसतो.

हुबेहूब माणसासारख्या, हायपररिअलिस्ट शिल्पांच्या दालनात शिरणाऱ्यापुढेही युक्ती अशीच उघडी असते. सिलिकॉनच्या त्वचेखाली निळसर शिरा, नखांच्या कडेला सोललेली कातडी, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी. पहिला उद्गार ठरलेला असतो: “अगदी जिवंत वाटतोय!” पण दाद देऊन झाल्यावर पुढे काय? नुसती नक्कलच बघायची, तर रस्त्यावर माणसे थोडी आहेत का?

अमेरिकेच्या ड्युएन हॅन्सनने (1925–1996) याच रस्त्यावरची माणसे उचलली. जिवंत माणसांच्या अंगावरून साचे घ्यायचे, त्यातून फायबरग्लासचे पुतळे काढायचे, ते रंगवायचे आणि अंगावर खरे कपडे चढवायचे, ही त्याची रीत. 1970 च्या सुमाराची त्याची सुपरमार्केटमधली बाई केसांना रोलर लावून, तोंडात सिगारेट धरून, डबाबंद खाण्याने शिगोशीग भरलेली गाडी ढकलत उभी आहे. पुढे त्याने सफाईच्या सामानाची गाडी घेतलेली कामगार स्त्रीही घडवली. अशी स्त्री संग्रहालयात रोज असतेच, फक्त तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती पुतळा झाल्यावर तिच्याभोवती घोळका जमतो. खरे माणूस नजरेतून सुटते आणि खोट्यापाशी पाय थबकतात, ही खोच प्रेक्षकाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो. आली, की मात्र ती त्याचा पिच्छा सोडत नाही.

रॉन म्युएक दुसऱ्या वाटेने जातो. मेलबर्नमध्ये 1958 साली जन्मलेला हा शिल्पकार मुळात बाहुल्यांच्या आणि चित्रपटांच्या धंद्यातला. जिम हेन्सनच्या ‘लॅबिरिंथ’ या चित्रपटासाठीही त्याने काम केले. 1997 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीतल्या ‘सेन्सेशन’ प्रदर्शनात त्याचे ‘डेड डॅड’ हे शिल्प मांडले होते. पाठीवर पडलेला, उघडा, मेलेला बाप. त्याच्या डोक्यावर म्युएकचे स्वतःचे केस आहेत. सगळे तंतोतंत, फक्त एक गोष्ट सोडून: मृतदेहाची लांबी एक मीटरच्या आसपास आहे. बाकी कुठेही चूक सापडत नाही, म्हणून ही एकच गोष्ट अंगावर येते. ज्याच्याकडे मान वर करून बघितले, तो बाप आता वाकून बघावा लागतो. दोन वर्षांनी त्याने केलेला उकिडवा बसलेला मुलगा पाच मीटरच्या घरात जातो. म्युएकच्या माणसाला खरे समजून कोणी हाक मारणार नाही, अशी तजवीज त्याने मापातच करून ठेवलेली असते.

पाषाणात हा खेळ नाशिककरांच्या दाराशी जवळजवळ दोन हजार वर्षांपासून आहे. पांडवलेण्यांतले तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने बौद्ध भिक्षूंना दान दिले. त्याच्या ओसरीखाली सहा धिप्पाड आकृत्या जमिनीतून अर्ध्या वर आल्या आहेत, आणि सगळे लेणे पेलणाऱ्या तुळया त्यांनी उचलून धरल्या आहेत. तुळया दगडाच्याच, पण कोरीवकाम लाकडी बांधणीचे. डोंगर पोखरून केलेल्या लेण्याला खालून आधार लागत नाही, हे कोरणाऱ्याला कळत नव्हते थोडेच! तरी बघणाऱ्याला त्या खांद्यांवरचे ओझे जाणवते. इथे कातडी हुबेहूब नाही, भार हुबेहूब आहे.

महाराष्ट्रात जिवंत वाटणाऱ्या पुतळ्यांचा मोठा पसारा कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात आहे. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात सुमारे सात एकरांवर सिमेंटची माणसे आणि जनावरे जुने स्वयंपूर्ण गाव मांडून बसली आहेत: बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेतकरी, बायाबापड्या, पोरेटोरे. कारागिरी वादातीत आहे. गुडघ्याच्या वाट्या, दंडाचे स्नायू, पागोट्याच्या घड्या यांत हात कुठे आखडलेला नाही, आणि मोट कधी न पाहिलेल्या मुलांना मोट दाखवणारी दुसरी जागा शोधून सापडायची नाही.

अडचण कारागिरीत नाही, गावाच्या चित्रात आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यात नोकरी करताना त्यांनी पाहिलेला गाव तक्रारींनी भरलेला आहे. बलुत्यावरून कुरबुरी आहेत, हक्कांचे तंटे आहेत, कुणाच्या तरी खळ्यावर कुणाचा तरी डोळा आहे. शिवाय जातीची उतरंड. कणेरीचा गाव मात्र धष्टपुष्ट आणि समाधानी, जो तो आपापल्या कामात रमलेला. आदर्श गाव रंगवायला हरकत कसली? पण तो आदर्श इतक्या अस्सल कातडीत गुंडाळला, की बघणारा त्याला इतिहास समजून घरी जातो. फाळक्यांनी आधी पोर दाखवली, म्युएकने बाप लहान केला. कणेरीत अशी खूण कुठे ठेवलेली नाही.

ती खूण कधी कधी प्रेक्षक स्वतःच आणतो. खेड्यात वाढलेली आजी बरोबर असली, की नातवंडे पुतळ्यांसोबत फोटो काढत असताना ती सांगायला लागते: पहाटे उठून दळताना हाताला घट्टे पडायचे, दुष्काळात विहिरीचा तळ दिसायचा, आणि त्या विहिरीवर कुणाला पोहरा टाकू देत नसत. पुतळ्यांशेजारच्या पाट्यांवर कामाचे नाव असते तिथे अशी दोनचार वाक्ये लिहून घ्यायला फारसा खर्च येणार नाही. पुतळे आहेत तसे राहू द्यावेत, त्यांच्या गुडघ्यांना आणि पागोट्यांना हात लावायची गरज नाही.