‘कशावरून?’ विचारणारा निबंध

बारावीपर्यंत आपल्याकडचा विद्यार्थी भरपूर निबंध लिहितो. पावसाळ्यातला एक दिवस, नदीचे मनोगत, विज्ञान शाप की वरदान. आरंभी सुविचार, मध्ये दोनचार अलंकार, शेवटी उपदेश आणि अक्षर नीट असले की गुण पडतात. त्या लेखनाला मी नावे ठेवणार नाही. त्यातून भाषेची भीती जाते, हाताला वाक्याचे वळण लागते. पण एवढ्या वर्षांत ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ असे त्याला बहुधा कोणी विचारलेले नसते.

मग सवचा, दासगावचा, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधला हा मुलगा किंवा मुलगी एसटीने महाडला महाविद्यालयात येते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणले आहेत, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची वाट ठेवली आहे. म्हणजे जो प्रश्न कधी कानावर पडला नाही, त्याचे उत्तर आता वीसपंचवीस पानांत लिहायचे असते. पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाइलवरून उतरवलेला मजकूर, स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर ऋणनिर्देश आणि शेवटच्या पानावर न वाचलेल्या पुस्तकांची यादी.

यात मुलांचा आळस थोडा आणि आपला दोष जास्त आहे. शोधनिबंध म्हणजे जड भाषेत लिहिलेला मोठा निबंध, अशी समजूत आपणच त्यांना करून दिली. वास्तविक त्याचा प्राण त्या एका प्रश्नात आहे. तो प्रश्न मराठी लेखनात हळूहळू रुजला, आणि त्याच्या वाढीतले काही महत्त्वाचे टप्पे याच महाड-पोलादपूरच्या मातीशी जोडलेले आहेत, हे इथल्या वर्गात फारसे सांगितले जात नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला तिने जो डौल दिला तो आजही वाचताना जाणवतो. पण तिथे वाचकाने विश्वास ठेवायचा तो लेखकाच्या आवाजावर. वाक्य जोरकस, उपहास धारदार, आणि निष्कर्ष आधीच ठरलेला. त्याच सुमाराला जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. भाषा खडबडीत, पण शेतकऱ्याचे घर, त्याचे जेवण, त्याचे कर्ज डोळ्यांनी पाहून मांडलेले. माझ्या मते विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी हव्यात. तरीही पाहिलेले लिहिणे आणि त्याचा पुरावा दुसऱ्याला तपासता येईल असा ठेवणे, यात आणखी एक पायरी आहे.

ती पायरी वि. का. राजवाड्यांनी बांधली. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. आधी १७५० ते १७६१ या काळातली मूळ पत्रे, आणि त्यांच्या आधाराने लिहिलेली लांबलचक प्रस्तावना. माझे म्हणणे पटत नसेल तर ही पत्रे तुम्हीच वाचा, असा तो बाणा होता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि कागद शोधणे, ताडून पाहणे, छापणे हे एका माणसाचे वेड न राहता अनेकांचे काम झाले.

या कामाचे फळ केवढे असते हे पाहायला पोलादपूरला जावे. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य त्यांनी शिवाजी महाराजांच्या हयातीत रचले. शतकापूर्वीपर्यंत महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा मानला जाई; बखरींनी तसे सांगितले होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका देशमुख घराण्याच्या टिपणावर एवढी मोठी गोष्ट कशी फिरवायची? पुढे स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये ‘शिवभारत’ छापले आणि परमानंदांनी दिलेली तिथीही तीच निघाली. एक मावळातल्या देशमुखांची नोंद, दुसरे पदरच्या कवीचे काव्य. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिलेले नाही. म्हणूनच त्या दोघांच्या जुळण्याला वजन आले. तरीही वाद लगेच मिटला नाही. राज्य सरकारने ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये.

ही हकिगत मला पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगावीशी वाटते. मुले प्रकल्पाला दहा संकेतस्थळांचे आधार देतात आणि ती दहाही एकाच मजकुराची नक्कल असतात. तो आधार एकच धरायचा. परस्परांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार मिळेपर्यंत लिहिणाऱ्याने ‘असे दिसते’ म्हणावे, ‘असे आहे’ म्हणू नये.

कागद गोळा झाले तरी लेखन होत नाही. त्यांच्याशी आणि आधीच्या अभ्यासकांशी बोलावे लागते. हे कसे करायचे याचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी सर्वांत उत्तम नमुना माझ्या दृष्टीने पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो होता वर्गासाठी लिहिलेला निबंधच. पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्यात ते सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवतात. कोणाचे काय घेण्यासारखे आहे आणि कुठे उणे पडते ते सांगतात. यांतले केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोश करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि बाहेर लग्नाला बंदी ही केतकरांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे. आंबेडकर त्यांचा मान राखतात आणि दाखवतात की ही दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत: बाहेर लग्न नाही, म्हणूनच बाहेरच्याला आत येता येत नाही. तिथून ते जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मूळ, या स्वतःच्या सिद्धान्ताकडे जातात. शेवटी आपला सिद्धान्त न टिकणारा आहे असे कोणी दाखवून दिले तर तो सोडायला तयार आहोत, असेही सांगतात. ज्या माणसाने जातीचे चटके सोसले त्याने, त्याच विषयावर लिहिताना, रागाऐवजी युक्तिवादावर भार टाकावा, ही मला त्या निबंधातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

अकरा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सत्याग्रहाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. या खटल्याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. खालच्या न्यायालयांतून तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला: अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ हे आपल्याकडचे सगळ्यांत बळकट वाक्य. महाडच्या तळ्यावरून त्यालाच ‘कशावरून?’ असे विचारले गेले आणि ते वाक्य उत्तर देऊ शकले नाही.

आता हा प्रश्न इथल्या मुलांच्या हाती कसा द्यायचा? माझे उत्तर आहे, उंबऱ्यापासून सुरुवात करून. सवचे गरम पाण्याचे झरे घ्या. ‘पाण्यात गंधक आहे म्हणून ते गरम’ असे गावात कोणीही सांगेल, आणि बहुतेक प्रकल्पांत तेच उतरते. पण वास गंधकाचा असला तरी उष्णता त्यातून येत नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते, तिथे ते तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचे उन्हेरे, सव, राजापूरचे उन्हाळे हे झरे किनाऱ्याला समांतर पट्ट्यात का आहेत, हा लगेच येणारा पुढचा प्रश्न. विद्यार्थिनीने मे महिन्यात आणि ऑगस्टात तापमापक घेऊन जावे, आकडे लिहावेत, कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर उघडावे, म्हाताऱ्या माणसांना विचारावे, आणि कोणी काय सांगितले ते वेगवेगळे नोंदवावे. आठ पानांचा प्रामाणिक शोधनिबंध त्यातून होतो.

किंवा पूर घ्या. २२ जुलै २०२१ चे पाणी महाडमध्ये कुठवर चढले, ते प्रत्येक घर सांगते. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेले. दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव आणि सावित्री नदीतला गाळ यांमुळे पाणी तुंबते, असे महाडकर ठामपणे म्हणतात. ते खरे असेलही. पण विद्यार्थ्याने लिहिताना विचारावे: रेल्वे येण्यापूर्वीच्या पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते? त्या दिवशी पाऊस किती झाला, भरती किती वाजता होती? उत्तर गावकऱ्यांच्या बाजूने आले तर त्यांच्या मागणीला असे बळ येईल जे घोषणांनी येत नाही. विरुद्ध आले तर खरे कारण शोधायला वेळ मिळेल. इथे शोधनिबंध गुणपत्रिकेपुरता राहत नाही, माणसांच्या जिवाशी येऊन ठेपतो.

उचलेगिरी रोखायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले, साम्य मोजणारी सॉफ्टवेअर आली. ती असावीत. पण सवच्या कुंडाचे तापमान स्वतः मोजलेल्या मुलीला कोणाचे उतरवायची गरजच पडत नाही.

महाड-पोलादपूरच्या प्राध्यापकांना म्हणून माझी एक विनंती आहे. यंदा प्रत्येक वर्गात निदान एक प्रकल्प विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावावर द्या. कच्चा खर्डा मागवा, समासात ‘कशावरून?’ लिहून परत करा, आणि दुसरा खर्डा आल्याशिवाय गुण देऊ नका. चांगल्या निबंधाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला आधी कोणी काय शोधले ते वाचून सुरुवात करता येईल.