उघड्या दाराची प्रार्थना

पुण्यात शारदा सदन ही मुलींची निवासी शाळा चालवणाऱ्या पंडिता रमाबाई मुलगी मनोरमाला घेऊन तिथल्या आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. त्या कुणाला आत बोलवत नसत आणि आलेल्या मुलीला बाहेरही काढत नसत. हळूहळू सदनातल्या काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांत बालविधवा होत्या. १८९३ साली त्यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालक मुलींना घरी घेऊन गेले.

सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता, आणि संस्थेत कोणत्याही धर्माचं शिक्षण दिलं जाणार नाही, असा शब्द दोन्हीकडे दिलेला होता. ब्राह्मण घरांतून आलेल्या मुलींचं सोवळंओवळं तिथे पाळलं जात होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, हे पुण्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग तक्रार नेमकी कशाची होती? रमाबाईंचं म्हणणं असं की मुलींना आपला धर्म पाळण्याचं जेवढं स्वातंत्र्य आहे, तेवढंच आपल्यालाही आहे, आणि आपल्याच खोलीत आपण दार लावून का बसावं? विरोधकांचं म्हणणं वेगळं होतं. कोवळ्या वयाच्या, निराधार मुली. त्यांना अन्न, वस्त्र, अक्षर देणारी आईसारखी बाई डोळे मिटून ज्याच्याशी बोलते, त्याच्याकडे त्या ओढल्या जाणारच. दार उघडं आहे, पण त्या दारात उभी असलेली मुलगी खरंच मोकळी आहे का?

सव्वाशे वर्षांनंतर हे सारं वाचताना दोन्ही बाजूंना खरी काळजी होती, हे कबूल करावंसं वाटतं. सनातनी टीकेत द्वेष होता, बायकांच्या शिक्षणाचीच चीड होती, ते वेगळं. पण रानडे आणि भांडारकर हे द्वेषाने बोलणारे नव्हते. त्यांचा प्रश्न आश्रय देणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताला आजही स्वतःला विचारावा लागतो.

गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट ही की ख्रिस्ती शास्त्रातच या बाबतीत दोन आज्ञा शेजारी शेजारी आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनात येशू शिष्यांना सांगतो, तुमचा उजेड लोकांना दिसू द्या, तुमची चांगली कामं पाहून त्यांनी देवाचं गौरव करावं. लगेच पुढच्या अध्यायात तोच सांगतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घ्या, लोकांनी पाहावं म्हणून करू नका. म्हणजे काम दिसावं आणि प्रार्थना झाकलेली असावी. रमाबाईंनी प्रार्थनेचं दार उघडं ठेवलं, हा त्या आज्ञेचा भंग होता का? त्यांच्या मनात दिखावा असता तर होता. लपवणं त्यांना अप्रामाणिक वाटत होतं, एवढंच त्यांच्या वागण्यावरून दिसतं. जिच्या छपराखाली मुली राहतात, ती कशावर जगते हे त्यांना कळू नये अशी व्यवस्था करणं, हीदेखील एक फसवणूकच झाली असती.

शिवाय रमाबाईंच्या आत मधल्या काळात काही बदललं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो बराचसा बुद्धीच्या वाटेनं. ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षं लागली, अशा अर्थाचं त्यांनीच पुढे १९०७ सालच्या आपल्या साक्षीत लिहिलं. सदनातली ती प्रार्थना या दुसऱ्या भेटीनंतरची आहे. जे नुकतंच सापडलंय ते लपत नाही.

आणि त्यांना ते पहिल्यांदा दिसलं होतं कुठे? लंडनच्या फुलहॅम भागात. वाँटेजच्या धर्मभगिनी तिथे, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवत. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या विदुषीनं अशा बायकांना मायेनं वागवलेलं त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं तिनं एका भगिनीला विचारलं. उत्तर म्हणून त्या भगिनीनं विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट वाचून दाखवली. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी काम, मग पाहणाऱ्याचा प्रश्न, मग गोष्ट. पेत्राच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम आहे. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असं तो सांगतो. विचारणारा समोर असल्याशिवाय उत्तराला जागाच नाही.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्टही एका अनोळखी माणसापासून सुरू होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणं कवितेवरून धर्माकडे वळलं. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. पुस्तक वाचायचं टिळकांनी कबूल केलं ते केवळ शब्द दिला म्हणून. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे मात्र हात आखडता घ्यावा लागतो. हा निर्णय टिळकांनी घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यात कुठेच नव्हत्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून घर मोडलेलं, नातलगांच्या आधारानं काढलेले दिवस, पदरी लहानगा मुलगा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना त्या दुःखापुढे कोणत्याही सुवार्तेचा आवाज बारीक वाटतो, आणि तो वाटायला हवा. स्वतःला मिळालेल्या सत्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल होत असेल, तर श्रद्धावंतानं त्या किमतीकडे पाठ फिरवू नये.

त्यानंतर जे झालं ते मात्र टिळकांच्या बाजूनं बोलतं. लक्ष्मीबाई परतल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपलं सोवळं वेगळं ठेवून त्या राहिल्या आणि टिळकांनी ते चालू दिलं. जातीची भिंत लक्ष्मीबाईंच्या मनात पडली ती उपदेशानं नव्हे. जाती देवानं केल्या की माणसांनी, हा विचार त्यांचा त्यांनीच शेवटापर्यंत नेला, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरातल्या माणसाला वर्षानुवर्षं रोज दिसत राहणं ही साक्षीची सगळ्यांत अवघड जागा आहे. बाहेर कीर्तन रंगवता येतं. घरात राग, हट्ट, उधळेपणा सगळं उघडं असतं, आणि टिळकांकडे हे तिन्ही भरपूर होतं. लक्ष्मीबाईंनी ते काहीही न लपवता लिहिलं. तरी ज्या माणसाबद्दल त्या लिहितात त्याच्यावर वाचकाचा जीव जडतो.

याच घरात बालकवी राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाची कविता टिळकांनी ऐकली आणि पुढे त्याला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाई त्याच्या आईच झाल्या. रोजची प्रार्थना, भजनं, येशूच्या गोष्टी हे सारं त्याच्या कानावर पडत होतं. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्यांच्या ताटातली पोळी कमी झाली नाही की मायेत अंतर पडलं नाही. श्रद्धा वाटून घेण्याचा याहून स्वच्छ दाखला मराठीत सापडणं कठीण आहे, आणि त्याचं कारणच हे की त्यातून ‘निष्पन्न’ काही झालं नाही.

प्रार्थनेचंही असंच तपासून पाहता येतं. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करण्याची हाक दिली तेव्हा ७० च्या आसपास जणी आल्या. जूनपर्यंत ५५० झाल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या, कालपर्यंत ज्यांच्यासाठी इतर प्रार्थना करत होते, त्या मुली आता दुसऱ्यांसाठी मागणं मागत होत्या. मराठी मंडळ्यांत याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. ती एकांतात किंवा मंडळीत होते तोवर तिच्यात कुणावर भार नसतो. पण तीच प्रार्थना मिशनच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसाच्या उशाशी होते तेव्हा वजन बदलतं. भूल देण्याआधी डॉक्टरनं हात जोडावेत, ही परंपरा सुंदर आहे, आणि असंख्य रुग्णांना तिनं धीर दिला. तरी ‘तुमची हरकत नाही ना?’ असं आधी, वॉर्डात, निवांतपणे विचारलेलं बरं. टेबलावरचा माणूस नाही म्हणू शकत नाही. शाळेची फी भरू न शकणाऱ्याला, घरभाडं थकलेल्याला, व्यसनातून सुटू पाहणाऱ्याला आधार देतानाही हीच काळजी हवी. शेजारच्या घरात नाताळच्या करंज्या देताना ती लागत नाही. शेजारी दिवाळीला तेवढ्याच करंज्या परत पाठवू शकतो. बरोबरी आहे तिथे साक्ष मोकळी असते.

हाच प्रश्न देशापुढेही आला: घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मप्रसाराच्या हक्कावर चर्चा झाली. टी. टी. कृष्णम्माचारी हिंदू होते. चौदा वर्षं आपण ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि आपल्याला कुणी धर्मांतर करायला लावलं नाही, असं त्यांनी तिथे सांगितलं. ‘प्रसार’ हा शब्द अनुच्छेद २५ मध्ये राहिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची मर्यादाही सांगितली: श्रद्धा मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. कायद्याच्या काठ्या आज दोन्ही बाजूंना उगारल्या जातात, आणि त्यात गावोगावच्या साध्या घरगुती प्रार्थनासभाही भरडल्या जातात, हे क्लेशदायक आहे. पण कृष्णम्माचारींच्या त्या शिक्षकांची आठवण महत्त्वाची आहे. त्यांच्या वागण्याची ग्वाही सभागृहात दिली ती त्यांच्या धर्माबाहेरच्या माणसानं.

रेव्हरंड टिळक शेवटी अशाच मोकळ्या साक्षीच्या विचारापाशी पोहोचले होते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूवर प्रेम करणारा कुणीही त्यात येऊ शकत होता, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. जुन्या मंडळ्यांतल्या अनेकांना ते रुचलं नाही, आणि त्यांची शंकाही पोकळ नव्हती. बाप्तिस्म्याशिवाय मंडळी कसली, हा प्रश्न शास्त्रातूनच येतो. दरबाराला मुळं धरायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. मिशनच्या अहवालांत सभासदांचे तक्ते असत. उपासनेला येणारा, येशूची भजनं मनापासून म्हणणारा आणि तरी आपल्या घरात, आपल्या जातगोतात राहिलेला माणूस कुठल्या रकान्यात धरायचा, याला त्या तक्त्यांत जागा नव्हती. टिळकांच्या दरबारात त्याला जागा होती.