सोन्याचे पोट आणि पृष्ठभाग

सोन्याचा कस पाहणारे एक्सआरएफ यंत्र अनुस्फुरणावर चालते. नळीतून निघालेले क्ष-किरण दागिन्यावर पडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो. त्याच्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन येतो आणि उरलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा मूलद्रव्यागणिक वेगळी: तांब्याची ८.०५, सोन्याची ९.७१, चांदीची २२.१६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. अणुक्रमांकाशी तिचे नाते हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवले.

घाटकोपर किंवा बोरिवलीच्या सराफाकडे मोडीला आलेल्या बांगडीचा टंच यामुळे ती न कापता, न वितळवता कळतो. आजीच्या पाटल्यांच्या बाबतीत ही सोय मोलाचीच. मात्र पडद्यावरचा ९१६ हा आकडा अख्ख्या दागिन्याचा असेलच असे नाही. सोने जड असल्याने त्याच्या आतून निघालेले हे किरण वाटेतच शोषले जातात; बाहेर येतात ते वरच्या काही मायक्रॉनांतले. जाड मुलाम्याखाली काय आहे ते यंत्राला दिसत नाही, आणि सांध्याजवळ आकडा बदलतो.

भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्किंगमध्ये म्हणूनच दोन पायऱ्या आहेत. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या या पद्धतीत एक्सआरएफने आधी दागिन्यांचा एकसारखेपणा पाहतात, पक्की मोजणी भट्टीत होते. नमुन्याचा कण चांदीसह शिशात गुंडाळून सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसे तांब्याला घेऊन मुशीत मुरते, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि उरलेले सोने तोलतात.

पण भट्टीही चकते. सोन्यात मिसळलेली इरिडियमची पूड आम्लात विरघळत नाही, त्यामुळे ती सोन्याच्या वजनात मोजली जाते. इथे एक्सआरएफ उपयोगी पडते, कारण इरिडियमची रेषा ९.१८ वर उमटते. सोन्यापासूनचे हे अर्ध्या किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर स्वस्त यंत्रातल्या वायुभरित शोधकाला नीट वेगळे करता येत नाही. दोन्ही रेषा एका उंचवट्यात मिसळतात. सिलिकॉन ड्रिफ्ट शोधक त्या सहज सुट्या करतो. तपासणीचा खरा दर्जा या शोधकावर आणि जुळणीसाठी वापरलेल्या प्रमाणित नमुन्यांवर ठरतो: बावीस कॅरेटच्या दागिन्यासाठी नमुनाही बावीस कॅरेटच्या आसपासचाच हवा, आणि जुळणी नियमित तपासलेली हवी.