सुटे भाग

नगरच्या एका जुन्या क्लबातलं बिलियर्ड्सचं टेबल स्वस्तात मिळतंय, ही बातमी आमच्या सेक्रेटरींनी आणली तेव्हा मी बँकेत दिवसाची कॅश जुळवत होतो. एकशे दहा रुपये जास्त येत होते. कॅश कमी आली की माणूस घाबरतो आणि जास्त आली की त्याहून घाबरतो. त्या भरात मी ‘‘घेऊन टाका’’ म्हणालो आणि पुढल्या पानाकडे वळलो. पुढचं रामायण त्या एकशे दहा रुपयांमुळे घडलं.

आमचं कर्जत म्हणजे लोकल पकडून जायचं ते नव्हे. ते रायगड जिल्ह्यात. आमचं नगर जिल्ह्यातलं. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. त्या कर्जतला लोक धबधबे बघायला जातात, आमच्याकडे टँकरची वाट बघतात. आमचा क्लब म्हणजे दोन कॅरम बोर्ड, एक बंद पडलेला वजनकाटा आणि चहावाल्याची थकबाकी. बिलियर्ड्स कुणालाच येत नव्हतं. पण निवृत्त हेडमास्तरांनी हा खेळ परका नाही, असं सिद्ध करून दाखवलं. त्याचा धाकटा भाऊ स्नूकर १८७५ साली आपल्या जबलपूरच्या छावणीत जन्मला आणि १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद मिळवणारा विल्सन जोन्स तर पुण्यात जन्मलेला! एवढं झाल्यावर टेबल न घेणं म्हणजे राष्ट्रद्रोहच.

मी बी.कॉम. म्हणून हिशेब माझ्याकडे आणि बँकेतला म्हणून जबाबदारीही माझ्याकडेच.

टेबल म्हणजे चार पाय आणि एक फळी, अशी माझी समजूत. हे बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पाय मोजले तर आठ! हिरवी बनात उचकटली तर खाली लाकूड नाहीच, दगड. शाळेतली आपली पाटी असायची ना, त्याच जातीच्या दगडाच्या पाच जाडजूड पाट्या शेजारी शेजारी मांडलेल्या. एकेक पाटी दीडशे किलोंच्या पुढे. बालपणी दप्तर जड वाटायचं त्याबद्दल मी मनातल्या मनात माफी मागितली.

खोलायला नगरचाच एक म्हातारा मिस्त्री होता. आधी त्याने जाळ्या सोडल्या, मग कडेच्या रबरी गाद्या काढल्या, मग बनात. प्रत्येक वेळी तो थांबायचा आणि खिशातून खडू काढून खुणा करायचा. नुसते नंबर नाहीत. दोन पाट्या जिथे भेटतात तिथे एक गोल काढायचा. अर्धा या पाटीवर, अर्धा त्या पाटीवर. मी घड्याळ बघतोय हे पाहून म्हणाला, ‘‘साहेब, खोलायला अक्कल लागत नाही, पाना लागतो. अक्कल लागते खुणा करायला.’’

मी मात्र माझ्या पद्धतीने यादी केली. पाट्या पाच, पाय आठ, जाळ्या सहा, स्क्रू एक डबा. खाली सही, तारीख.

टेंपोत मागे तो ढीग आणि पुढे मी, हेडमास्तर आणि ड्रायव्हर. मिरजगाव येईपर्यंत हेडमास्तर गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आता सांगा, मागे टेबल आहे का?’’ मी दचकून मागे पाहिलं. आमच्या रस्त्यावर काहीही पडू शकतं. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. मिलिंद नावाचा ग्रीक राजा रथात बसून नागसेन भिक्षूकडे आला. नागसेनाने त्याला विचारलं, रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ? नाही. आस म्हणजे रथ? नाही. जू? तेही नाही. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ दाखव. राजाला दाखवता येईना. सगळं मिळून आपण ‘रथ’ हे नाव देतो, एवढंच.

‘‘म्हणजे आपण नावाचे पैसे दिले?’’ मी विचारलं. ड्रायव्हरने मान डोलावली. भाडं मात्र त्याने वजनाचं घेतलं.

क्लबात खुणेला खूण लावून मिस्त्रीने सांगाडा उभा केला, पाट्या चढवल्या. चेंडू सोडला तर तो सरळ कोपऱ्यातल्या भोकात. कुठूनही सोडा, त्याच भोकात. आमची शहाबादी फरशी एका बाजूला खचलेली आणि मिस्त्रीची लेव्हल टेंपोत फुटलेली. बारीक फरक दाखवणारी लेव्हल लेथ मशीन बसवणाऱ्याकडेच मिळायची. तसा तालुक्यात आम्हाला माहीत असलेला एकच. सेक्रेटरींनी मला न विचारता त्याला फोन लावला.

तो राशीनला असतो. माझा धाकटा भाऊ. आम्ही सहा वर्षं बोललो नव्हतो.

तुम्ही म्हणाल, वाटणीत काही खोट झाली असणार. नाही हो. वाटणी मीच केली. अण्णा गेल्यावर मी वहीला दोन बाजू आखल्या आणि पै न् पै जुळवली. तांब्याचा बंब त्याला, पितळी पिंप मला. झोपाळ्याची सागवानी फळी मला, चार पितळी कड्या त्याला, किंमत समसमान. तो एवढंच म्हणाला होता, ‘‘दादा, झोपाळा एकत्र राहू दे. तुझ्याकडेच ठेव हवं तर.’’ मी म्हणालो, ‘‘मग तुझी बाजू कमी भरते. आणि आता नोंद झाली.’’ अन्याय झाला असता तर भांडून मिटलं असतं. हिशेब बरोबर होता, म्हणून मिटवायला काही उरलंच नाही. फळी तेव्हापासून माळ्यावर आहे.

राशीन जगदंबेच्या देवळातल्या हलत्या दीपमाळांसाठी प्रसिद्ध आहे. हलवल्या की हलतात आणि तरी पडत नाहीत. आमच्या घराला ते जमलं नाही.

तो आला. पिशवीतून लेव्हल काढली, पाटीवर ठेवली आणि टेबलाखाली शिरला. बुडबुडा बघायला वर कुणीतरी हवं होतं. बाकीचे सगळे नेमके चहाला गेलेले. सहा वर्षांनंतरचं आमचं पहिलं संभाषण असं झालं :

‘‘कुठं आहे?’’

‘‘डावीकडं.’’

‘‘आता?’’

‘‘अजून जरासा.’’

‘‘आता?’’

‘‘बस्स.’’

पाट्यांखाली सारायला पातळ काहीतरी पाहिजे होतं. माझ्या खिशात पैसे भरायच्या स्लिपा होत्या. बँकेची स्टेशनरी खासगी कामाला वापरणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. मी अकरा स्लिपा दिल्या. सांधे बुजवून झाल्यावर त्याने चेंडू सोडला. तो पाचही पाट्या ओलांडून सरळ गेला आणि तसाच सरळ परत आला. सांधे कुठे होते ते त्याला कळलंही नाही.

मग बनात नवी आली, रबर नवं आलं. तेच टेबल का, असं हेडमास्तर अजून विचारतात. नागसेनापुढे मी कोण? पण कारकून म्हणून एक नोंद करावीशी वाटते. माझ्या यादीत पाट्या होत्या, पाय होते, स्क्रूसुद्धा होते. कोणाला कोण लागून होतं, हे नव्हतं. ते मिस्त्रीच्या खडूत होतं. माझ्या यादीवरून टेबल मोजता आलं असतं, उभं करता आलं नसतं. आणि आयुष्यभर मी याद्याच करत आलो. ताळेबंद जुळला म्हणजे काही हरवलं नाही, असं मला कॉलेजात शिकवलं होतं.

जाताना तो म्हणाला, ‘‘दगड बसायला वेळ लागतो. महिन्याने पुन्हा बघावं लागेल.’’

‘‘बघ,’’ मी म्हणालो.

तेव्हापासून तीनदा येऊन गेला. बुडबुडा तिन्ही वेळा मधोमध होता. तिसऱ्या वेळी त्याच्याबरोबर एक जास्तीची पिशवी होती आणि ठेवताना ती पितळेसारखी वाजली. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पण त्या रविवारी मी माळ्यावर चढून फळी पुसली.