लेकराच्या पाठीवर किती ओझे?



आषाढी जवळ आली की तरुण आईबाप विचारू लागतात, "महाराज, यंदा पोराला आळंदीपासून पायी न्यायचं आहे. सामान किती घ्यावं?" हल्ली वजनाला हलके तंबू मिळतात, मुठीत मावणारे रेनकोट मिळतात. प्रश्न सामानाचा दिसतो, पण त्याच्या पोटी परमार्थाचा प्रश्न आहे. ओझे हलके करणे म्हणजे नेमके काय करणे?

आधी व्यवहार पाहू. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढायचा. शाळेचे दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे शासनाचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. म्हणजे २५ किलोच्या मुलाला फार तर अडीच किलो. त्यातला एक किलो तर लिटरभर पाण्याचाच! वारीत दिवसभर चालायचे, तेव्हा याहून कमीच बरे. जाड कपडा पावसात भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही. पातळ कपडे घ्यावेत.

येथे कोणी शंका घेईल : दिंडीचा ट्रक असतोच, मग सगळे त्यातच टाकावे. पण ट्रकात टाकलेली वळकटी नाहीशी होत नाही. मुक्कामावर ती कोणीतरी उतरवतो, पहाटे पुन्हा चढवतो. आपली पाठ मोकळी आणि दुसऱ्याची कंबर वाकलेली, यात ओझ्याने फक्त जागा बदलली. गरज कमी झाली तरच ओझे खरे कमी होते. महागडी पिशवी वजन घटवते, पण तिच्यात जागा उरली की आपण आणखी काही कोंबतोच.

मग मुलाने रिकाम्या हातांनी चालावे का? तसेही नाही. टाळ पितळेचे, काही हलके नसतात. तरी टाळकरी चालताना ते ट्रकात टाकत नाही. डोईवर तुळस घेतलेली माउली ती गाडीत ठेवत नाही. ज्यासाठी निघालो, त्याचे ओझे वाटत नाही. म्हणून लेकराकडे त्याचे पाणी, पावसाचा प्लास्टिकचा कागद आणि लहानसे टाळ असावेत. स्वतः वाहिलेले पाणी मूल उगाच ओतून देत नाही. शेजारचा तहानला तर त्यातलेच घोटभर देते. द्यायला आधी आपले म्हणून काही जवळ असावे लागते. दानाचा हा पहिला पाठ वाटेवरच मिळतो.

आणि पोर थकले तर? तर त्याची पिशवी बापाने घ्यावी, आणि वेळ आली तर पोरालाही उचलावे. मोठ्यांनी आपले सामान कमी ठेवायचे ते यासाठी. संतांना लेकरांसारखे खांद्यावर, कडेवर घेतलेल्या विठोबाचे चित्र पुष्कळांच्या घरी असते. त्याच्या पाठीवर बोचके असते, तर लेकरे कुठे बसली असती?